लिमा वाळवंटच आहे की

हवा एवढी दमट आणि धुकट म्हणून लिमाला (पेरू देशाची राजधानी) वाळवंट म्हणू नये, हे काय पटलं नाही बुवा. वाळवंट ठरतं पाऊस आणि बाष्पीभवनाच्या हिशोबावर, घामावर नाही, आणि तिथे वर्षाला जेमतेम 10 मिमीच्या आसपास पाऊस! हम्बोल्टचा थंड समुद्रप्रवाह किनाऱ्यालगतची हवा गार करतो, वर गरम हवेचं झाकण बसतं, मग ढग खालीच अडकतात, वाढतच नाहीत, त्यामुळे जून ते सप्टेंबर नुसती भुरभुर (गारुआ म्हणतात तिकडे), रस्ता ओला होतो न होतो. टेकड्यांवरच्या काही वस्त्यांत तर लोक जाळ्या लावून धुक्याचं पाणी गोळा करतात. बाकी शहराची मदार मुख्यतः अँडीज पर्वतातून येणाऱ्या रिमाक नदीवर. सहारासारखं भाजत नाही, एवढं मान्य.