चौकशी, तपास आणि रिटायर झालेले साहेब

आमच्या दापोलीकडं एका शेजाऱ्याला पोलिसांनी विनाकारण रात्रभर बसवून मारलं होतं, त्याला तीन वर्षं झाली. परवा तो विचारायला गेला तर उत्तर मिळालं, साहेब रिटायर झाले, आता कसली चौकशी. म्हणून विचारतो, चौकशी आणि तपास यात नेमका फरक काय? आणि निवृत्तीनंतर यातलं काय संपतं?

खाडीकाठ : तपास गुन्ह्याचा, म्हणजे एफआयआर झाल्यावरचा. सरकारी मराठीत त्याला अन्वेषण म्हणतात, गुन्हे अन्वेषण विभाग या नावात आहे तोच शब्द, पण बोलताना सगळे सीआयडीच म्हणतात. निवृत्तीने तपास थांबत नाही, गुन्हा तो गुन्हाच.

वेंगुर्ल्याहून : आमच्याकडे कोण आजारी पडलो की शेजारी चवकशी करूक येतत, तोच शब्द ठाण्यात ऐकलो की माणूस घाबरता. आणि इंग्रजीतल्या ओव्हरसाइटला देखरेख म्हणतात ते मला पटत नाय, देखरेख आंब्याच्या कलमांची करतत, पोलिसांवर वचक व्हयो.

खाडीकाठ : वचक हा शब्द चांगलाय, पण तो माणसाचा पडतो, इथं संस्था पाहिजे. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात ती नेमायला सांगितली, आपल्याकडं 2014 ला कायदा बदलून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. मोठ्या अधिकाऱ्यांची तक्रार तिकडं जाते, खालच्यांसाठी विभागीय प्राधिकरणाची तरतूद आहे.

आता मूळ मुद्दा. चौकशी या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात आणि लोक तिथंच फसतात. प्राथमिक चौकशी म्हणजे नुसती विचारपूस आणि जबाब. विभागीय चौकशी वेगळी, ती खातं आपल्याच माणसाची करतं, आणि आरोप लेखी मांडणारं दोषारोपपत्र काढल्यावर सुरू झाली असं धरतात. निवृत्तिवेतन नियम 1982 मधला 27 वा नियम बघा, रिटायर झाल्यावरही शासनाच्या मंजुरीने ती लावता येते, दोष सिद्ध झाला तर पेन्शन कापता किंवा थांबवता येतं. पण घटना चार वर्षांहून जुनी चालत नाही. तुमचा शेजारी अर्ज देऊन बसला आणि वर्षभर नुसते जबाबच होत राहिले तर मुदत निघून जाईल, आणि त्याला वाटत राहील की चौकशी चालू आहे. मला याचा फार राग येतो.

प्रश्नकर्ता : म्हणजे अजून एक वर्ष हातात आहे. आणि गैरवर्तन लिहू का कर्तव्यात कसूर?

खाडीकाठ : कसूर म्हणजे करायचं ते केलं नाही. मारलंय ना, मग गैरवर्तन. घटनेची तारीख पहिल्याच ओळीत टाका, "विभागीय चौकशी" असं पूर्ण लिहा, नुसतं चौकशी नको, आणि मारहाणीचा गुन्हा नोंदवा म्हणून वेगळा अर्ज द्या.

प्रश्नकर्ता : आज रात्रीच दोन्ही लिहून काढतो, उद्या रजिस्टर पोस्टाने जातील, पोच त्याच्याकडंच ठेवायला सांगतो.