हौशी नाट्यसंस्थांसाठी सरकारी पैसा: नगरसेवक आणि आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

रंगीत_तालीम
कोल्हापुरातल्या काही हौशी नाट्यसंस्था मिळून महापालिकेला आणि आमदारांना निवेदन देणार आहेत. मागण्या दोन आहेत: नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत आणि तालमीसाठी कायमची जागा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून पुनर्बांधणीवर पुष्कळ बोललं गेलं. पण उभ्या राहिलेल्या इमारतीत हौशी संस्थेला प्रयोग परवडणार कसा, हे कुठल्याच कागदावर येत नाही. निवेदन कुणाला, कधी आणि किती रकमेचं द्यावं?

लेखाशीर्ष
आधी 'कलेला प्रोत्साहन मिळावे' हे वाक्य काढून टाका. त्यावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढाच शेरा पडतो. कागद खाली आला की कारकुनाला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात तो खर्च ज्या नावाखाली पडतो ते) आणि रक्कम लागते. ते नसेल तर फाईल तिथंच थांबते.

दोन्ही मागण्या एका निवेदनात घालू नका. भाडेसवलत हा महसुली खर्च, दरवर्षीचा. तालमीचा हॉल भांडवली, एकदाचा. एकत्र केल्या की हॉलच्या जागेचा घोळ मिटेपर्यंत सवलतही लटकते.

रक्कम अशी काढा. समजा 12 संस्था, प्रत्येकीचे वर्षाला 2 प्रयोग आणि 2 रंगीत तालमी, म्हणजे 48 सत्रं. सत्रामागे 5,000 रुपयांची सवलत धरली तर 2,40,000 रुपये. संस्थांचा आकडा खरा टाका, भाडं पालिकेच्या चालू दरपत्रकातून घ्या आणि ते दरपत्रक सोबत जोडा. एवढ्या रकमेला नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं, म्हणून लहान आणि नेमका आकडा चांगला.

आता खरी मेख. 'भाडं कमी करा' असं लिहिलंत की लेखा विभाग 'उत्पन्नात घट' म्हणून विरोध करणार, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. त्याऐवजी 'हौशी नाट्यप्रयोग भाडे अनुदान' अशी स्वतंत्र तरतूद मागा. संस्थेनं सवलतीचं भाडं भरायचं, उरलेली रक्कम या तरतुदीतून नाट्यगृहाच्या खात्यात जमा दाखवायची. नाट्यगृहाचं उत्पन्न पूर्ण दिसतं आणि अनुदान किती वापरलं हेही वर्षअखेरीला कळतं. लाभ कुणाला याचे निकष तुम्हीच लिहून द्या: नोंदणीकृत संस्था, शेवटच्या 3 वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, तिकिटाच्या दराची कमाल मर्यादा. निकष नसले की पहिल्याच वर्षी वाढदिवसाचे कार्यक्रम त्यात घुसतात.

वेळ: आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून ते महासभेत जातं. आकड्यांची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी होते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कागद आत गेला पाहिजे. आचारसंहिता लागायची शक्यता असेल तर आणखी आधी. सभागृह नसून प्रशासक असेल तर निवेदन थेट आयुक्तांना.

'हे पालिकेचं काम नाही' असं कुणी म्हणालं तर राज्यघटनेची बारावी अनुसूची दाखवा. 74 व्या घटनादुरुस्तीनं ती आली आणि तिच्यातली 13 वी बाब सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाजूंच्या संवर्धनाचीच आहे. अनुसूचीत नाव आहे म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, पण 'आमचं काम नाही' हे उत्तर तिथंच संपतं.

विंगेतून
वरचं सगळं पटलं. हॉलबद्दल थोडं.

आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी असतो, पण त्यातून प्रयोगाचा खर्च किंवा कलाकारांचं मानधन मागू नका. तो निधी कायमस्वरूपी कामांसाठी आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून मागायचं तर पत्र पालकमंत्र्यांना, कारण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष ते असतात. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, ते सदस्य-सचिव. दोन्हीकडे अडतं ते जागेवर. प्रॉपर्टी कार्ड, जागा ज्याच्या ताब्यात त्याची ना-हरकत आणि पुढची देखभाल कोण करणार याचं लेखी पत्र, हे तीन कागद आधी गोळा करा. वीजबिल कोण भरणार हे न ठरल्यामुळं बांधलेले हॉल कुलूपबंद पडतात.

आराखड्यात स्टेज मागू नका. तालमीला रंगमंचाएवढी मोकळी जमीन लागते: साधारण 30 बाय 20 फूट, मधे खांब नको. आणि पत्र्याचं छत अजिबात नको. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी पावसाळ्यातच सुरू होतात. कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की तीन हातांवरचं वाक्य ऐकू येत नाही, नट ओरडायला लागतात आणि तीच सवय प्रयोगात उतरते. नवीन बांधकाम लांबणार असेल तर पालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी 7 ते 10 मागा. खर्च फक्त वीज आणि शिपायाचा जादा भत्ता.

रंगीत_तालीम
आभार. शाहू महाराजांचा उल्लेख करावा का? प्रत्येक निवेदनात असतो, म्हणून शंका.

लेखाशीर्ष
करा, पण दाखला म्हणून. '1915 साली, शाहू महाराजांच्या काळात, पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह संस्थानच्या खर्चानं उभं राहिलं, अल्लादिया खाँसाहेब दरबारचे गायक होते. म्हणजे या शहरात कलेवर सार्वजनिक पैसा खर्चणं ही शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.' एवढंच लिहा. नगरसेवकाला सभागृहात जसंच्या तसं वाचता येतं.

विंगेतून
निवेदन दोन प्रतींत न्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. 'मागणी का मान्य झाली नाही' असं विचारू नका, माहिती अधिकारी त्याला 'प्रश्नार्थक' म्हणून परत पाठवतात. 'सदर निवेदनावरील टिपणीची आणि शेऱ्यांची छायांकित प्रत' मागा. फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते त्यातच दिसतं.