स्ट्रोकनंतर हातासाठी रोबोटिक ग्लोव्ह घ्यावा का? वापरलेल्यांनी प्लीज सांगा

शिंपीआळी_कराड:
नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे, फेब्रुवारीत स्ट्रोक झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवं अंग गेलं. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं आलंय, काठी धरून घरातल्या घरात चालतात, पण उजवा हात खांद्यातून थोडा उचलतो, कोपर वाकतं, मनगट आणि बोटं मात्र मुठीत आवळलेली ती आवळलेलीच. सहा महिने होत आले. आमचं टेलरिंगचं दुकान आहे, चाळीस वर्षं ह्याच हाताने कात्री चालवली, आता सकाळी उठले की पहिल्यांदा हाताकडे बघतात आणि मग गप्प होतात.

फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी येतात, पाऊण तास, त्यात पाय, बॅलन्स, चालणं झालं की हाताला दहा मिनिटं उरतात. मोबाईलवर सारख्या त्या हवेवर चालणाऱ्या ग्लोव्हच्या जाहिराती येतायत १५-१६ हजारांच्या. एका सेंटरने रोबोटवर २० सेशनचं पॅकेज सांगितलं, आकडा ऐकून आई उठून आत गेली. शेजारचे काका म्हणतात सहा महिन्यांत जे यायचं ते येऊन जातं, पुढे काही नाही. खरंय का हे? पैसे घालायची तयारी आहे पण भलत्या ठिकाणी नकोत.

नाशिकची_सून:
सासूबाईंसाठी आम्ही असाच ग्लोव्ह घेतलेला. पंप हवा भरतो, बोटं उघडतात, हवा ओढतो, बोटं मिटतात, आणि त्या तोवर टीव्ही बघत बसायच्या. फायदा झाला नाही असं म्हणणार नाही, सकाळचा ताठरपणा कमी झाला, नखं तळव्यात रुतून जखम व्हायची ती थांबली. पण दोन महिन्यांनी ग्लोव्ह काढून म्हटलं आता बोट हलवा, तर एक बोट हललं नाही. मग ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं परत शिकवणाऱ्या) मॅडमनी टीव्ही बंद करायला लावला आणि मिरर मोड लावून दिला, त्यात चांगल्या हातात सेन्सरवाला ग्लोव्ह असतो, तो हात उघडला की दुसरा उघडतो. मॅडमचं एकच म्हणणं, मशीनच्या आधी तुम्ही जोर लावायचा, हाताकडे बघत. तिथून पुढे अंगठा हलायला लागला. म्हणजे घ्यायचा तर घ्या दादा, पण नुसता घालून बसवू नका.

फिजिओताई:
न्यूरो फिजिओ आहे, १४ वर्षं हेच काम करतेय. वरच्या ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. कुठलंही मशीन दाखवलं की पहिला प्रश्न हाच विचारा, कष्ट कोण करतंय, मशीन की पेशंट?

रोबोटचं म्हणाल तर यूकेत ७७० पेशंटवर मोठा ट्रायल झाला होता, २०१९ मध्ये निकाल आला, आठवड्याला तीन सेशन, बारा आठवडे. नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा रोबोटवाल्यांचा हात रोजच्या कामाला काही जास्त चालत नव्हता. रोबोट वाईट नाही, थेरपिस्ट न दमता खूप रिपिटिशन होतात हा त्याचा खरा गुण, पण कर्ज काढून पॅकेज घ्यावं असं त्यात काही नाही. रिपिटिशन का महत्त्वाची ते सांगते. अमेरिका-कॅनडातल्या फिजिओच्या सेशनना बसून कुणीतरी मोजलं होतं, २००९ चा अभ्यास, हाताने प्रत्यक्ष काम करायची सरासरी रिपिटिशन निघाली ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी केल्यावर. तुमच्या त्या दहा मिनिटांत किती होत असतील ते एकदा मोजूनच बघा.

आता बाबांचं. चांगला हात मिटनमध्ये (बिनबोटांच्या जाड मोज्यात) बांधून दुबळ्याकडून कामं करून घेतात ती सीआयएमटी पद्धत ऐकली असेल, अमेरिकेत २२२ पेशंटवर झालेला तिचा ट्रायल २००६ मध्ये आला आणि ते सगळे स्ट्रोकनंतर ३ ते ९ महिन्यांतले होते, तरी हात सुधारले, म्हणजे काकांना हे नक्की सांगा. पण त्यासाठी मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडावी लागतात, किमान दहा अंश. बाबांची उघडत नाहीत, त्यामुळे आज चांगला हात बांधलात तर ते फक्त चिडतील. आधी मनगट उचलायला शिकवायचं.

त्यासाठी ईएमजी ट्रिगर असलेलं स्टिम्युलेटर चांगलं. कोपराच्या खाली हाताच्या मागच्या बाजूला पॅड लावतात, बाबांनी मनगट उचलायचा प्रयत्न केला की स्नायूतला अगदी बारीक सिग्नल मशीन पकडतं आणि मग करंट देऊन राहिलेली हालचाल पूर्ण करतं. प्रयत्न नाही तर करंट नाही. दुखण्यासाठी टेन्स मशीन मिळतं ते वेगळं, दुकानदार तेच गळ्यात मारतात, बघून घ्या. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि बोटं फारच कडक असतील तर बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा, कडकपणा उतरतो, पण तेवढ्या काळात व्यायाम झाला तरच उपयोग.

अजून एक, उठवताना-बसवताना त्या हाताला धरून ओढू नका. खांदा उतरला की मग दुखण्यापायी सगळंच बंद पडतं.

मुलुंडहून_लंडन:
सहा महिन्यांनंतर काही नाही हे आता इथे कुणी म्हणत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर हॉस्पिटलला फक्त हातासाठीचा प्रोग्राम आहे, तीन आठवड्यांत ९० तास. २२४ पेशंटचे निकाल २०१९ मध्ये आले, बरेचसे स्ट्रोकला वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेले, तरी हात सुधारला आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही टिकून होता. माझ्या मावसभावाला दोन वर्षांनी कप धरता आला, म्हणून एवढं ठामपणे लिहितोय.

दुसरं, अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये स्ट्रोकनंतरच्या हातासाठी विविस्टिम नावाच्या उपकरणाला एफडीएची मंजुरी मिळाली. छातीत पेसमेकरसारखी डबी बसवतात, वायर मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला, आणि पेशंट हालचाल करतो त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो. १०८ जणांवर ट्रायल झाला, स्ट्रोकला ९ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत झालेले. ऑपरेशन आलं, खर्च आला, तुम्हाला आत्ता घ्या म्हणत नाहीये, पण तिथेसुद्धा सहा आठवडे मरणाचा व्यायाम आहेच.

पत्तेवाला:
आमच्याकडे नातवाचा व्हिडिओ गेम लावून हात हलवायला लावायचो, वडिलांना मजा यायची. ह्याचा उपयोग होतो का ताई?

फिजिओताई:
होतो की. कॅनडाच्या लोकांनी २०१६ मध्ये १४१ पेशंटवर बघितलं, अर्ध्यांना निन्टेंडोचा वी गेम, अर्ध्यांना पत्ते, चेंडू असले साधे खेळ. दोघांची सुधारणा सारखीच. म्हणजे ज्यात मन रमतं ते द्या, रमी द्या, कॅरम द्या. आणि शिंपीआळी, मशीनच हवं असेल तर वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने आयआयटी मद्रासबरोबर प्लुटो म्हणून टेबलावर मावणारा रोबोट केलाय, मनगट फिरवणं, मूठ उघडणं-मिटणं, जोडणी बदलून एकाच मोटरवर, गेम खेळत. आपल्या जवळ कुठे आहे का चौकशी करा. तोवर आरशाने सुरू करा, त्याला पैसे लागत नाहीत. आरसा दोन हातांच्या मधे उभा, उजवा मागे झाकलेला, बाबांनी आरशातल्या डाव्या हाताकडे बघत दोन्ही हलवायचे. अर्धा तास रोज.

शिंपीआळी_कराड:
सात आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. पॅकेज घेतलं नाही, ग्लोव्ह पण नाही. ट्रिगरवालं स्टिम्युलेटर आमच्या फिजिओंनी भाड्याने मिळवून दिलं. आरसा दुकानातलाच, गिऱ्हाइकाच्या कपड्यांच्या ट्रायलचा छोटा होता तो कटिंगच्या टेबलावर उभा केला, त्यामुळे बाबा रोज दुकानात यायला लागले, हेच घरात कुणाला खरं वाटत नव्हतं. पहिले तीन आठवडे काही नाही, चौथ्यात मशीन बंद असताना मनगट उचललं. आम्हाला भास वाटला. बाबा म्हणाले टेप आण. तळवा टेबलावर, टेप उभी धरली, मधल्या बोटाचं टोक पाव इंच वर. त्यांनी मला मापाची वही काढायला लावली आणि गिऱ्हाइकाच्या मापांसारखं स्वतःच्या नावाचं पान केलं, तारीख, माप, किती वेळा. काल सव्वा इंच, १८० वेळा. बोटं अजून उघडत नाहीत नीट, पण अंगठा आणि बोटाच्या मधे खडू सरकवला तर धरून ठेवतात.

फिजिओताई, एक विचारायचं होतं, पॅड काढल्यावर खाली लाल चौकोन राहतो, कधी कधी दुपारपर्यंत. करंट कमी करू का?

फिजिओताई:
वाचून डोळ्यात पाणी आलं हो. लाली तासाभरात गेली तर ठीक, दुपारपर्यंत राहते म्हणजे पॅडचं जेल वाळलंय किंवा कडा उचलल्यात, आधी पॅड बदला, त्वचा पाण्याने पुसून कोरडी करून लावा, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत त्या जागी लावू नका. तरी राहिली तर करंट कमी करा आणि तुमच्या फिजिओंना दाखवा. मापाचं पान चालू ठेवायला सांगा बाबांना, पुढच्या महिन्यात सीआयएमटीचं बघू.