'द इनक्रेडिबल्स' तुमच्या घरी कोणी, कसा पाहिला? अनुभव सांगा

सोनटक्का
परवा रविवारी रात्री लेकीबरोबर 'द इनक्रेडिबल्स' पाहिला, तो सुपरहिरो कुटुंबाचा ॲनिमेशन सिनेमा. माझा कितवा ते आता मोजत नाही, तिचा पहिलाच, ती नऊ वर्षांची आहे. जेवणाच्या टेबलाचा सीन आला तशी ती उठून पार टीव्हीपुढे जाऊन बसली. आठवतोय ना तो सीन? बाप जेवण कापता कापता ताटलीसकट टेबल कापतो, दुसरी ताटली आणायला आत जातो आणि तिथेच पेपर वाचत उभा राहतो, इकडे बहीणभावाची जुंपलेली, आई हात लांब लांब करून दोघांना दोन बाजूंना धरून ठेवतेय, बाळ खुर्चीत बसून खिदळतंय, आई ओरडते की जरा इकडे लक्ष दे, तर हा गडी येऊन अख्खं टेबलच उचलतो, त्याला सगळे लटकलेले. आणि तेवढ्यात बेल वाजते. क्षणात सगळे आपापल्या खुर्चीत, जसं काही झालंच नाही.

लेक माझ्याकडे वळून म्हणाली, आई, मागच्या महिन्यात काकू आली तेव्हा आपणपण असंच केलं होतं ना गं.

तेव्हापासून डोक्यात आहे की हा धागा काढायचा. ब्रॅड बर्डने लिहून दिग्दर्शित केलेला हा पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा सिनेमा २००४ चा, म्हणजे वीस वर्षं उलटून गेली, आणि तरी मुलं आजही तितक्याच हावरेपणाने बघतात. मला वाटतं त्याने प्रत्येकाला शक्ती दिलीय ती घरातलं स्थान बघून दिलीय. बाप ताकदवान असायला हवा म्हणून ताकद, आईला दहा दिशांनी ओढलं जातं म्हणून ती रबरासारखी ताणली जाते, वयात येणाऱ्या पोरीला कोणी बघूच नये असं वाटतं म्हणून ती अदृश्य होते, दहा वर्षांचं पोरगं एका जागी बसत नाही म्हणून वेग, आणि बाळाचं अजून काहीच माहीत नाही. म्हणून आपल्याला सुपरहिरो दिसत नाहीत, आपलंच घर दिसतं. तुमच्या घरातलं कोण दिसलं तुम्हाला? सविस्तर लिहा, घाई नाही.

केबलवाली_पिढी
मी हिंदीत पाहिला, 'हम हैं लाजवाब'. बापाला आवाज शाहरुखचा आणि मुलाला आवाज शाहरुखच्याच मुलाचा, आर्यनचा. सोलापूरला मावशीकडे सुट्टीत टीव्हीवर लागला होता, आम्ही सात भावंडं एका सतरंजीवर. ते पोरगं पळता पळता पाण्यावर जातं आणि बुडत नाही हे त्याच्या लक्षात येतं, खाली बघतं आणि एकदम हसू फुटतं त्याला, तेव्हा आम्ही सगळेच ओरडलो होतो. इंग्लिशमध्ये नंतर पाहिला, पण माझ्यासाठी खरा तोच.

निवृत्त_क्लेमवाला
मी ३१ वर्षं विमा कंपनीत, त्यातली अठरा क्लेम विभागात. नातवाने लावला म्हणून बसलो होतो, कार्टून आहे म्हणून पेपर हातात घेऊनच. पण हा नायक विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसलेला दिसला आणि पेपर बाजूला ठेवला. एक म्हातारी बाई समोर बसलीय, तिचा क्लेम नाकारलाय, ती रडकुंडीला आलीय, आणि हा इकडेतिकडे बघून हळू आवाजात तिला सांगतो की अमुक फॉर्म भरा, अमुक मजल्यावर अमुक बाईंना भेटा, आणि मग बाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्याने तिला सॉरी म्हणतो.

हे मी केलेलं आहे. एक बाई यायच्या, नवरा गेलेला, पॉलिसीवर नॉमिनी म्हणून सासऱ्यांचं नाव आणि तेही वारलेले. आमच्या साहेबांचं म्हणणं, कागद अपुरे असतील तर परत पाठवा, समजावत बसू नका, रांग वाढते. मी त्यांना जिन्यात गाठून एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं की वारसाचे कोणते कागद लागतील, ते कुठून काढायचे, आधी काय आणि मग काय. चार महिने लागले पण पैसे मिळाले. त्यांनी पेढे आणले ते साहेबांच्या टेबलावरही ठेवावे लागले. हे घरात मी कधी बोललो नव्हतो. नातू सिनेमा थांबवून विचारायला लागला की आजोबा तुमचं ऑफिस असं होतं का, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याचे आईवडीलही येऊन बसले ऐकायला. अर्धा तास सिनेमा तसाच थांबलेला होता.

ओवी_ठाणे
आजोबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, दोघंही गप्प झालो.

माझं सांगते. माझी थोरली सिनेमातल्या त्या अदृश्य होणाऱ्या व्हायलेटसारखीच. केस तोंडावर, मान खाली, पाहुणे आले की बेडरूमचं दार बंद. सातवीत शाळा बदलली तेव्हापासून हे सुरू झालं. मी सारखी मागे लागायचे, नीट बोल, चारचौघांत मिसळ, काय घाबरतेस. सिनेमात विमानावर क्षेपणास्त्रं येत असतात आणि आई मुलीला ओरडते की विमानाभोवती कवच तयार कर, आणि त्या पोरीला जमत नाही, तिने एवढं मोठं कधी केलेलंच नसतं. विमान फुटतं. आई तिला आणि तिच्या भावाला आपल्या अंगात गुंडाळून घेते, मग स्वतःची छत्री करून खाली आणते आणि पुढे तर स्वतःचीच होडी करते, पोरगं मागे पाय मारून इंजिन होतं. हे सगळं भारीच आहे पण माझ्या काळजाला लागलं ते त्याच्या नंतरचं. गुहेत ती पोरगी माफी मागायला लागते तर आई म्हणते, चूक तुझी नाही, मी एकदम एवढं तुझ्याकडून मागायला नको होतं.

मी तिथे पॉज करून पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये गेले. परत आले तर माझी मुलगी माझ्या जागेला चिकटून बसली होती. आम्ही काहीच बोललो नाही त्यावर. पण त्या रात्रीपासून पाहुण्यांसमोर तिला पुढे ढकलणं मी बंद केलं. आता दहावीत आहे. केस अजूनही तोंडावर असतात, पण गेल्या गणपतीत आरतीला झांजा वाजवायला स्वतःहून पुढे आली.

शिलाई_मशीन
आमची आई कोल्हापुरात घरी शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे परकर-पोलकी. तिला ॲनिमेशन वगैरेत रस नाही पण ती एडना म्हणून जी बुटकी, गोल चष्म्याची डिझायनर बाई आहे ना, ती आली की आई मशीन थांबवून येते. (तिचा आवाज दिग्दर्शकानेच दिलाय हे मी सांगितलं तर आईचा विश्वासच बसेना, म्हणाली बाईचाच आवाज आहे तो.) हिरो म्हणतो मला केप, म्हणजे पाठीवर सोडलेलं लांब कापड पाहिजे आणि ती बाई ठाम नाही म्हणते, एकेकाची नावं घेऊन सांगते, हा केपमुळे रॉकेटला अडकला, ती विमानाच्या इंजिनात ओढली गेली. आई एकदम म्हणाली, बरोबर आहे तिचं.

कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी, ओढणी बाईकच्या चाकात जाऊन पडली होती. गळ्याला फास बसता बसता वाचली. ड्रेस आईनेच शिवला होता, अडीच मीटरची ओढणी, तिनेच हौसेने लांब ठेवलेली. आईचा काय दोष त्यात, गाडीला साडीगार्ड असूनसुद्धा ओढणी दुसऱ्या बाजूने उडून गेली. पण आई त्यानंतर कित्येक दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून कॉलेजच्या मुलींच्या ओढणीला ती खांद्यावर आतून दोन टिचबटणं लावते, ज्यादा पैसे घेत नाही आणि विचारतही नाही, लावूनच देते. कपडा दिसायला चांगला हवाच पण घालणारं माणूस घरी परत आलं पाहिजे, हे त्या बाईला कळतं म्हणून आईला ती आवडते. आणि बाळाचा ड्रेससुद्धा न सांगता शिवून ठेवलाय तिने, त्यावर आई म्हणाली, उरलेल्या कापडात होतो की तेवढा!

दहा_ते_चोवीस
पहिला भाग आला तेव्हा मी दहा वर्षांचा, त्यातल्या वेगवान डॅशच्याच वयाचा. दुसरा २०१८ ला आला तेव्हा चोवीस, पहिली नोकरी लागलेली. मध्ये चौदा वर्षं गेली पण दुसरा भाग सुरू होतो तो पहिला जिथे संपला त्याच मिनिटाला. ते सगळे तसेच, पार्किंगमध्ये, तेच मुखवटे. मी पहिला भाग बाबांबरोबर पाहिला होता, बाबा २०१५ ला गेले. थेटरात एकटाच गेलो होतो आणि पहिल्या सीनला जे भरून आलं ते आवरेना. बाकी काही लिहीत नाही.

बदलीवाला_बाबा
माझा दुसऱ्या भागाचा अनुभव. त्यात आई कामाला जाते आणि बाप तीन पोरं घेऊन घरी राहतो. २०१९ ला बायकोची बँकेतून रत्नागिरीला बदली झाली, मी पुण्यात दोन मुलांबरोबर, धाकटा दीड वर्षांचा. ऑफिसकडून सकाळची शिफ्ट मागून घेतली, दुपारी तीनला घरी, पुढचं सगळं माझ्याकडे. थोरली दुसरीत, मराठी माध्यम. आणि नेमकं त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या वाचायची नवी पद्धत आली, एकवीसऐवजी वीस एक, बत्तीसऐवजी तीस दोन. जोडाक्षरं मुलांना जड जातात म्हणून बदल केला होता, कारण कळत होतं, पण माझ्या तोंडात तेच जुनं पाठ झालेलं. मी म्हणायचो त्रेसष्ठ, ती म्हणायची बाबा, साठ तीन. रोज भांडण, ती रडायची, मी चिडायचो.

सिनेमात बाप मुलाला गणित शिकवायला बसतो आणि वैतागतो की गणित कसं काय बदलू शकतं, ते बघून मी आधी पोट धरून हसलो. पण मग तो रात्री सगळे झोपल्यावर एकटा पुस्तक घेऊन बसतो, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि समजल्यावर मुलाला उठवून सांगतो की चल, मला जमलंय आता. मी तेच केलं. रात्री साडेदहाला धाकट्याला मांडीवर झोपवून तिचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. सकाळी वेणी घालताना तिला विचारलं, सत्तर आठ म्हणजे किती गं? ती आरशातून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, बाबा तुम्हाला येतं? तिची एक वेणी नेहमीसारखी वर-खाली झाली होती पण त्या दिवशी तिने परत घालायला सांगितली नाही.

चित्रकथी
मी ॲनिमेशन शिकले म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटते. पिक्सारचा हा पहिला सिनेमा ज्यात सगळी मुख्य पात्रं माणसं आहेत. त्याआधी खेळणी, किडे, राक्षस, मासे. माणसाची त्वचा, कपडे, केस कॉम्प्युटरवर करणं तेव्हा भयंकर अवघड होतं, त्यात व्हायलेटचे लांब मोकळे केस म्हणजे सगळ्यात मोठी डोकेदुखी. ओवीताईंचा प्रतिसाद वाचताना तेच मनात आलं. ते केस तोंडावर यायला हवेत आणि शेवटी मागे सारले जायला हवेत, नाहीतर ती पोरगी उभीच राहत नाही, म्हणून त्या लोकांनी ते सोडून दिलं नाही.

सोनटक्का
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एकेक प्रतिसाद दोनदोनदा वाचला. अजून येऊ द्या.

माझ्या सासूबाईंचं राहिलं सांगायचं. त्या आमच्यामागे जपमाळ घेऊन बसल्या होत्या, इंग्लिश कळत नाही. त्या सिनेमात एक छोटा मुलगा आहे बघा, तीनचाकी सायकल घेऊन त्यांच्या दाराशी उभा असतो, काहीतरी भारी घडेल म्हणून वाट बघत. शेवटी त्याला सगळं दिसतं. सिनेमा संपला, नावं सुरू झाली, लेक झोपायला गेली, तरी सासूबाई बसलेल्याच. मी विचारलं, काय झालं आई? तर म्हणाल्या, त्या सायकलवाल्या पोराला कोणी घरात बोलावलं नाही गं, केव्हाचा उभा होता.