सातवी सेमीतून सीबीएसईला टाकावं की एसएससीतच ठेवावं? कोणता विषय कुठं अवघड, सल्ला हवा

पूर्णाकाठ
लेकरू परभणीत सेमीला सातवीत आहे. गणित चांगलं. इंग्रजी वाचून समजतं, पण लिहिताना अडतं. पाठांतराचा कंटाळा. पुढं सायन्स हे जवळपास ठरलंय. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) की इंजिनिअरिंग ते ठरलेलं नाही. आठवीला सीबीएसईत टाकायचा विचार आहे. ओळखीपाळखीत दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते सीबीएसई लई अवघड, टक्के पडतात. दुसरी म्हणते एसएससीची दहावी म्हणजे गुणांची खैरात, अकरावीत लेकरू आपटतं. दोन्हीही ऐकीव. ज्यांनी दोन्हीकडचे पेपर शेजारी ठेवून पाहिलेत त्यांनी विषयवार सांगावं: अवघड म्हणजे नेमकं काय अवघड?

खडूडस्टर
गणितापासून सुरू करतो, कारण फरक तिथंच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

एसएससीला गणित भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, वेगवेगळ्या दिवशी, दोन-दोन तासांचे. वर २० अंतर्गत. सीबीएसईला ८० गुणांचा एकच पेपर, तीन तास, १४ धडे एकाच दिवशी डोक्यात. नुसता भागाकार करा: एसएससीत एका गुणाला ३ मिनिटं, सीबीएसईत सव्वादोन. शिवाय एसएससीत २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा मिळतात. सीबीएसईची १५ मिनिटं सुरुवातीला असतात, पण ती नुसती वाचायला. पेन लावता येत नाही.

आता पर्याय मोजा. बीजगणिताच्या पेपरात पहिल्या प्रश्नाचे ८ गुण (चार बहुपर्यायी, चार एकेक गुणाचे) सक्तीचे. त्यानंतर 'तीनपैकी दोन कृती', 'पाचपैकी चार', 'दोनपैकी एक', 'चारपैकी दोन', 'तीनपैकी दोन', 'दोनपैकी एक'. बेरीज केली तर ४० गुणांच्या पेपरात ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात. म्हणजे एखादा धडा कच्चा असला तरी लेकरू वाट काढतं. सीबीएसईत २ गुणांच्या पाच प्रश्नांपैकी दोनांना, ३ च्या सहापैकी दोनांना आणि ५ च्या चारपैकी दोनांनाच 'किंवा' असतो. एकेका गुणाच्या वीस प्रश्नांना पर्यायच नाही. तिथं रीत बरोबर आणि बेरीज चुकली तर अर्धासुद्धा मिळत नाही, पूर्ण गुण जातो. टक्के 'पडतात' ते मुख्यतः या वीस गुणांत, पाच गुणांच्या प्रश्नांत नाही.

प्रश्नाची भाषा बघा. वर्गसमीकरण हाच धडा. एसएससीचा २ गुणांचा नमुना: 'सूत्र वापरून सोडवा: x² + 6x + 5 = 0.' समीकरण तयार मिळतं. सीबीएसईचा नमुना: 'एक गाडी ३०० किमी अंतर एकसमान वेगानं कापते. वेग ताशी १० किमी कमी असता तर १ तास जास्त लागला असता. वेग काढा.' आधी 300/(x−10) − 300/x = 1 मांडायचं, मग x² − 10x − 3000 = 0 आणायचं, मग ६० आणि −५० यातलं −५० का सोडलं ते लिहायचं. सोडवणं दोन्हीकडं सारखंच, मांडणी इथं तुमची. असा प्रश्न एसएससीतही येतो, चौथ्या प्रश्नात ४ गुणांना. पण तिथं तीनपैकी दोनच सोडवायचे असल्यानं पोरं तोच नेमका टाळतात आणि अकरावीत भौतिकशास्त्राच्या उदाहरणांपाशी अडकतात. 'आपटतं' म्हणतात त्याचं मूळ हे.

एसएससी सोपीच, असंही समजू नका. भूमितीत प्रमेयांच्या सिद्धता आणि भौमितिक रचना आहेत. सीबीएसईनं दहावीतून रचना काढून टाकल्या. रचनेत गुण जातात ते कंपासचे कंस खोडल्यानं आणि कच्ची आकृती न काढल्यानं. 'कृती पूर्ण करा' मध्ये हुशार पोरं चौकटी सोडून स्वतःच्या रीतीनं उदाहरण सोडवतात. उत्तर बरोबर असूनही गुण कापले जातात, कारण गुण चौकटींना असतात. कृती उतरवून चौकटी भरायच्या, बस्स.

सीबीएसईत गणित स्टँडर्ड आणि बेसिक असं निवडता येतं. धडे तेच, पुस्तक तेच, पेपर वेगळा, बेसिकचा सोपा. सायन्स ठरलं असेल तर बेसिकच्या नादी लागू नका.

भिंगआरसा
विज्ञानात उलटं आहे. ओझं एसएससीचं जास्त. भाग १ चे १० धडे, भाग २ चे १०, एकूण वीस. सीबीएसईला आता तेरा. मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, धातुविज्ञान, अवकाश मोहिमा, सूक्ष्मजीवशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन... सगळं दहावीत. आवर्ती वर्गीकरण सीबीएसईच्या दहावीतून वगळलंय, म्हणून तिकडचं लेकरू अकरावीत ते थेट मोठ्या स्वरूपात बघतं. प्राण्यांचं वर्गीकरण एसएससी दहावीला करून घेते, एनसीईआरटीत (म्हणजे सीबीएसईच्या पुस्तकांत) ते अकरावीला. त्यामुळं जीवशास्त्राच्या बाजूला एसएससीचं पोरगं मागं असतं हे निव्वळ खोटं आहे.

पण विचारण्याची पद्धत निराळी. एसएससीला 'शास्त्रीय कारणे लिहा' तीनपैकी दोन, ३ गुणांचे आठपैकी पाच. व्याख्या, फरक, आकृती, नावं द्या. नीट वाचलेलं असलं की गुण येतात. सीबीएसईत विधान-कारण जोड्या असतात: विधान बरोबर, कारणही बरोबर, पण ते त्या विधानाचं कारण आहे का? तिसऱ्या पायरीवर पोरं घसरतात. सीबीएसईनं दहावीत निम्मे गुण अशा उपयोजनाच्या प्रश्नांना ठेवलेत. तुमच्या लेकराला पाठांतराचा कंटाळा आहे म्हणता, तर या एका गोष्टीत त्याला सीबीएसई मानवेल.

शेंगदाणा_चटणी
गुणांच्या खैरातीबद्दल. एसएससीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले, पेपर १०० चे केले. निकाल ७७.१०. २०२० ला ते २० परत दिले. निकाल ९५.३०. लेकरं तीच, मास्तर तेच. टक्केवारीवरून बोर्डाची अवघडाई मोजू नका एवढंच.

आणि एसएससीची टक्केवारी सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची, ५०० पैकी. हिंदी कच्चं निघालं तर ते बाजूला पडतं. त्यात इंटरमिजिएट ड्रॉइंगची (सरकारी चित्रकला परीक्षेची) ए श्रेणी असेल तर ७ गुण वर. ९४ आणि ९१ ची तुलना करणाऱ्यांनी हे आधी वजा करावं.

अनुस्वार
भाषा सगळे विसरतात, आणि बोर्ड बदलताना त्याच नडतात. एसएससीत ६०० पैकी ३०० गुण भाषांचे. मराठी प्रथम भाषेची कृतिपत्रिका ८० गुणांची: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. यात गुण जायची जागा एकच, स्वमत. तीन ओळी लिहून पोरं पुढं पळतात. उताऱ्यातलं एक वाक्य, त्यावर स्वतःचं मत आणि एक उदाहरण, असं आठ-दहा ओळींत बसवलं तर गुण कापायला जागा राहत नाही. उपयोजित लेखनात पत्राचा आराखडा पाठ पाहिजे: दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर, आपला. ई-मेल पत्ता राहिला, विषय राहिला, की अर्धा-अर्धा करत गळती.

सीबीएसईच्या दहावीला भाषा दोन, त्यातली एक हिंदी किंवा इंग्रजी हवीच, आणि बहुतेक पोरं इंग्रजी घेतातच. तुमचं लेकरू लिहिताना अडतं, तर तिकडं ते इंग्रजीच्या ८० गुणांत तर अडेलच, समाजशास्त्राच्या ५ गुणांच्या उत्तरांतही अडेल. सेमीत इतिहास-भूगोल मराठीत असतो हे विसरू नका. पाचवीपासून मराठीत इतिहास लिहिलेलं पोरगं अचानक युरोपातल्या राष्ट्रवादावर इंग्रजीत पान भरून लिहू लागत नाही. (एसएससीचा दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे. नकाशा आणि आलेख हातात बसले की तो सगळ्यात हमखास गुणांचा पेपर.)

औसारोड
इकडं लातुरात हा प्रश्न रोजचा. थोडक्यात सांगतो.

नीट एनसीईआरटीवर. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण, चुकलं की वजा. एमएचटी-सीईटी (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) राज्याच्या अकरावी-बारावीवर, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी, वजा गुण नाहीत, गणिताचा प्रश्न २ गुणांचा. दहावीचं बोर्ड कुठलं हे दोन्ही परीक्षा विचारत नाहीत. इथं एसएससीची पोरं बारावी राज्य मंडळाची करतात आणि जीवशास्त्र एनसीईआरटीतून ओळ न् ओळ वाचतात. चालतं.

आठवीला बोर्ड बदलण्यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. नांदेड-देगलूर-उदगीरकडची मंडळी बारावीला हैदराबाद गाठतात. मेडिकलच्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते. बोर्ड सीबीएसई असो की एसएससी, शाळा-कॉलेज राज्यात हवं. हे अॅडमिशनच्या वेळी कळून उपयोग नसतो.

पूर्णाकाठ
अनुस्वार यांचा मुद्दा डोक्यातच नव्हता. समजा टाकलंच आठवीला, तर भरून काय काढावं लागेल? आणि नववीला टाकलं तर?

खडूडस्टर
आठवी हीच शेवटची सोयीची वेळ. सीबीएसईत नववी-दहावी हा एकत्र अभ्यासक्रम आहे आणि नोंदणी नववीतच होते. दहावीला थेट उडी मारता येत नाही असंच धरून चाला. नववीला गेलात तर धड्यांची अदलाबदल आडवी येते. धाराविद्युत आणि आरशांवरचं परावर्तन एसएससी नववीत शिकवते, सीबीएसई दहावीत. गुरुत्वाकर्षण सीबीएसईच्या २०२५-२६ पर्यंतच्या पुस्तकात नववीत होतं, एसएससीत दहावीत. त्रिकोणमितीची ओळख एसएससीच्या नववीत, सीबीएसईच्या दहावीत. वर्तुळातले अंतर्लिखित कोन सीबीएसईच्या नववीत, एसएससीच्या दहावीत. अध्येमध्ये बदललं की एखादा धडा दोनदा आणि एखादा एकदाही नाही.

आठवीसाठी मे महिना पुरतो, पण गणितावर घालवू नका, ते त्याला जमतंय. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. सातवीचं समाजशास्त्र घ्या. रोज दोन पानं मोठ्यानं वाचून घ्या, मग पुस्तक मिटून पाच वाक्यं इंग्रजीत लिहून घ्या. स्पेलिंगवर लाल पेन पहिले पंधरा दिवस चालवायचा नाही, फक्त वाक्य पूर्ण आहे का बघायचं.

भिंगआरसा
त्याआधी एक चाचणी घ्या, प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानातला न वाचलेला अर्धा-पाऊण पानाचा उतारा द्या. २० मिनिटं. पाच प्रश्न तुम्ही काढा, त्यातले दोन असे की उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही, जोडून काढावं लागेल. तोंडी उत्तरं बरोबर आणि लेखी मोडकी आली, तर इंग्रजीची अडचण आहे, सहा-आठ महिन्यांत सुटेल. तोंडी मराठीतसुद्धा ते दोन प्रश्न आले नाहीत, तर बोर्ड बदलून काही होत नाही. आहे तिथंच ठेवा आणि शाब्दिक उदाहरणं वाढवा.

शेंगदाणा_चटणी
आणि शाळेत चौकशीला जाल तेव्हा बोर्डाचं नाव विचारू नका, ते पाटीवर असतंच. नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवणारे कोण, किती वर्षं तिथं आहेत, प्रयोगवहीतले प्रयोग खरंच होतात का, ते विचारा. पाटी सीबीएसईची आणि दर सहा महिन्यांनी गणिताला नवा माणूस, असं आपल्याकडच्या गावांत बरंच आहे.

पूर्णाकाठ
उतारा आज संध्याकाळीच देतो. एक राहिलं: एसएससीतच ठेवलं तर शाब्दिक उदाहरणं कुठून काढायची?

खडूडस्टर
आठवीला एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकांतली, एका चलातल्या समीकरणांची आणि प्रमाणाची. आठवड्याला दहा. सोडवायची नाहीत, फक्त समीकरण मांडून वही मिटायची. दहावीत गेल्यावर सीबीएसईच्या नमुना प्रश्नपत्रिकांतले तीन उतारेवजा प्रश्न, १+१+२ गुणांचे, त्यांच्या गुणदानाच्या तक्त्यासकट. तो तक्ता लेकराच्या हातात द्या, स्वतःचा पेपर त्यालाच तपासू द्या.