राग काढायचा, पण त्याला काही हद्द?

उंबरठा: बाहेरचं प्रकरण संपलंय, दोघांनाही संसार टिकवायचाय. तरी रोज रात्री तोच विषय निघतो आणि दोन-दोन वाजतात. फसवलं गेलेल्याने राग गिळायचा नाही, मान्य. पण समोरच्याने किती ऐकून घ्यायचं? उपदेश नको, पद्धत सांगा.

निवळी: आधी रात्रीची बैठक बंद. आठवड्यातून तीनदा, जेवणाआधी, ३० मिनिटं, गजर लावून. एरवी सुचलेले प्रश्न वहीत. तेच तेच प्रश्न पुन्हा येणार. तो छळ नव्हे, धक्का बसलेलं मन तसंच चालतं. कधीपासून, कुठे, पैसे किती गेले, अजून संपर्क आहे का, याची उत्तरं एकदाच आणि पूर्ण द्यायची. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: खरं हप्त्याहप्त्याने बाहेर येतं आणि दर हप्त्याला जखम पहिल्या दिवसावर जाते. अंथरुणातले तपशील मात्र विचारू नका, ती चित्रं डोक्यातून हलत नाहीत.

तिरकस: गजर ठीक, पण राग काय वेळापत्रक बघून येतो? फोन वाजला, घरी यायला उशीर झाला की भडका. तेव्हा नाडी मोजा. मिनिटाला १०० च्या वर असेल तर कानात काही शिरत नाही. नवरा-बायकोच्या भांडणांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अशा वेळी निदान २० मिनिटं थांबायला सांगतात. जो थांबवेल त्यानेच परतायची वेळ सांगायची: 'साडेनऊला बसू.' वेळ न सांगता उठणं म्हणजे पुन्हा टाकून जाणं. आणि ती २० मिनिटं मनात भांडण घोळवलंत तर फुकट. भांडी घासा.

मधलीवाट: दोघांना सारखे नियम म्हणजे न्याय नव्हे. सुरुवातीला जागा दुखावलेल्याच्या रागाला. दगा देणाऱ्याने 'तूच लक्ष दिलं नाहीस' आणि 'अजून किती दिवस?' ही वाक्यं टाकून द्यावीत. लग्नात आधी काय बिघडलं होतं ते बोलायचंच, पण नंतर. 'तू खोटं बोललास, मला किळस येते' हा राग. 'तुझं खानदानच तसलं' हा नाही. मुलांना साक्षीला ओढणं, नातेवाइकांच्या ग्रुपवर चॅट टाकणंही नाही. हात उठला तर, कोणाचाही असो, हे नियम संपले, आधी सुरक्षितता. बाईसाठी महिला हेल्पलाइन १८१.

उंबरठा: आणि साडेनऊला समोरचा आलाच नाही तर?

तिरकस: २४ तासांच्या आत विषय त्यानेच काढायचा. तारीख वहीत लिहा. तीनदा झालं की वही घेऊन समुपदेशकाकडे.