शुल्क शून्य, पण फायदा कुणाचा?
शेजारी देशांनी एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क हटवलं की त्यांचा व्यापार आपोआप वाढेल, असं म्हटलं जातं; हे मत मला अपुरं वाटतं. विकसनशील शेजारी बहुधा सारखाच माल विकतात. एकमेकांकडून घ्यायचं काय? शिवाय गटाबाहेरच्या देशांवर शुल्क कायम असल्यानं त्यांचा स्वस्त माल मागे पडतो, शेजाऱ्याचा महाग माल घेतला जातो आणि सरकारचा महसूलही बुडतो.

खरी ठिणगी फायद्याच्या वाटपावरून पडते. केनिया, युगांडा आणि टांझानियाचा पूर्व आफ्रिकी समुदाय हा आर्थिक सहकार्याचा गट १९६७ मध्ये झाला, १९७७ मध्ये मोडला. राजकीय वैर होतंच (युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनची राजवट आठवा), पण कारखाने केनियातच एकवटतात ही इतर दोघांची तक्रार जुनी होती. म्हणून मागे पडणाऱ्या देशाच्या भरपाईची तरतूद करारातच हवी, नंतरची आश्वासनं पुरत नाहीत.